दावोसचा हिवाळा

हिवाळ्यात बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी आल्प्समधले कोणते गाव निवडावे, याचा खल हौशी मंडळी हौसेने करतात. स्वित्झर्लंडमधले दावोस प्रथम निवडले ते मात्र क्षयरोग्यांनी! १८६५ च्या फेब्रुवारीत दोन जर्मन रोगी तेथे आले. ऐन थंडीत डोंगर चढणे तेव्हा वेडेपणाचेच गणले जाई. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल तेथे गेला, तोही पत्नीच्या क्षयापायी. १८९४ साली ब्रँगर बंधूंसह, पायांना लाकडी पट्ट्या बांधून, तो खिंडीपलीकडे आरोझाला उतरला आणि त्यावर त्याने लेख लिहिला. खेळाच्या इतिहासात लेखाचा उल्लेख येतो, आजारी पत्नीचा सहसा नाही. हे आम्हांला खटकते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, आरोग्यधामे ओस पडली. १९०० सालचे शात्झाल्प आता हॉटेल आहे. रोग्यांच्या सज्जांत प्रवासी ऊन खातात.