सेन्सॉर-खुणा (युद्धकालीन टपाल)

युद्धकाळात सरकारी तपासनिसांनी उघडून वाचलेल्या टपालावर उरलेल्या खुणा. पाकिटाची कापलेली कड, ती पुन्हा बंद करणारी कागदी पट्टी, शिक्का, तपासनिसाचा क्रमांक किंवा सही हे त्यांचे मुख्य प्रकार. 1898 च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम 26 नुसार सार्वजनिक आणीबाणीत टपाल अडवता येई. महायुद्धांत त्याला 1915 आणि 1939 च्या भारत संरक्षण कायद्यांची जोड मिळाली.

ओळख पटवताना शिक्क्याआधी पाकिटाची कड पाहावी. तपासनीस सहसा अरुंद बाजू कापून पत्र काढत, वाचत आणि त्या बाजूवर छापील पट्टी चिकटवत. पट्टीवरचा शिक्का निम्मा पट्टीवर, निम्मा पाकिटावर उमटलेला असेल तर दोन्ही एकाच वेळचे मानता येतात. पट्टी गळून पडली, तरी डिंकाचा तपकिरी डाग राहतो. ब्रिटनच्या पट्ट्यांवर सुरुवातीला ‘ओपन्ड बाय सेन्सॉर’ असे छापलेले असे, पुढे पी. सी. 90 या नमुन्यावर ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ आणि क्रमांक आला. जर्मन पट्टीवर ‘गेऑफ्नेट’ हा शब्द असतो, आणि शिक्क्यातले लहान अक्षर ठाणे सांगते: ‘बी’ बर्लिन, ‘डी’ म्युनिक, ‘जी’ व्हिएन्ना.

एका पाकिटावर दोन देशांच्या पट्ट्या असणे नवलाचे नाही. अमेरिकेहून मुंबईला आलेल्या पत्रावर तिकडची ‘एक्झामिन्ड बाय’ पट्टी आणि इकडची पट्टी, दोन्ही सापडतात. एकीवर दुसरी चढली असेल तर खालची आधीची. हा साधा नियम विसरल्याने प्रवासाचा मार्ग उलटा लावला जातो. लष्करी टपालात पट्टी नसतेही: तुकडीचा अधिकारी उघडे पत्र वाचून सही-शिक्का करी, आणि ठिकाण लपवण्यासाठी फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात गावाऐवजी क्रमांक असे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय सैनिकांच्या पत्रांची तपासणी ई. बी. हॉवेल यांच्या कचेरीत होई. तिथे भाषांतरित झालेले उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पाकिटांपेक्षा ते अभ्यासकाला अधिक बोलके.

महाराष्ट्रात संग्राहकांना सर्वाधिक खाद्य पुरवले ते स्थानबद्ध छावण्यांनी. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिक होते. दुसऱ्या युद्धात देवळाली, सातारा आणि पुरंदर यांची भर पडली. गिर्यारोहक हाइनरिश हारर अहमदनगर आणि देवळालीमार्गे डेहराडूनला पोचला. कैद्यांच्या टपालाला तिकीट लागत नसे. म्हणून तिकीट नसणे, युद्धकैदी-टपालाचा मजकूर, छावणीचा शिक्का आणि तपासणीचा शिक्का अशी साखळी जुळते का ते पाहायचे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश निर्वासितांचे (1943-48) टपाल वेगळे ठेवावे: तिथले लोक कैदी नव्हते, आणि 1945 नंतरचे पत्र युद्धकालीन ठरत नाही.

पोचल्याच्या शिक्क्याला दुय्यम समजू नये. मलायातून तिरुनागेश्वरम्, कुंभकोणम किंवा तंजावरच्या पत्त्यावर आलेले पाकीट हाती आले तर तिथला तारीख-शिक्का वाचावा. सिंगापूर 15 फेब्रुवारी 1942 रोजी पडले आणि मलायाचे नेहमीचे टपाल तुटले. त्यानंतरची तारीख दिसली तर संशय घ्यावाच.

फसवणुकीला वाव असतो तो पट्टीत. मालक न सापडलेली पत्रे उघडणाऱ्या डेड लेटर ऑफिसच्या पट्ट्या, फाटलेले टपाल दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या आणि जकातीच्या चिठ्ठ्या सेन्सॉरच्या म्हणून खपवल्या जातात. शांततेतल्या पाकिटाला जुनी पट्टी लावण्याचे प्रकारही होतात; पट्टीखालची कड न कापलेली निघाली की ते उघडे पडतात. याउलट राजकीय कार्यकर्त्यांची पत्रे गुपचूप उघडून पुन्हा बंद केली जात. अशा पाकिटांवर बहुधा काहीच खूण नसते.