त्वचेपासून चेतापेशीकडे

गर्भात एकाच पेशीपासून त्वचा, स्नायू, चेतापेशी अशा नाना तऱ्हेच्या पेशी घडतात. ही वाट एकेरी आहे, त्वचेची पेशी मागे फिरत नाही, असे आपण वर्गात सांगत आलो. या समजुतीला मोठा धक्का बसला १९६२ साली. ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्याचे केंद्रक निकामी करून तेथे बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बसवले. काही अंड्यांतून चक्क धडधाकट बेडूकमासे वाढले! म्हणजे संपूर्ण प्राणी घडवण्याची माहिती आतड्याच्या पेशीतही शाबूत होती.

अंड्याच्या मदतीशिवाय ती जागी करता येईल का? क्योटो येथे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुके निवडली. उंदराच्या पेशींत ती एकेकटी घालून काही साधले नाही. चोवीसही एकदम घातल्यावर मात्र मूलपेशींसारख्या पेशी मिळाल्या. मग एका वेळी एकेक जनुक वगळून पाहिले. ज्याच्यावाचून अडले, ते ठेवले. असे करता करता चारच उरली. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतील पेशींवरही हा प्रयोग जमला.

पण मूलपेशी म्हणजे चेतापेशी नव्हे. गर्भात मिळणारे रासायनिक संदेश बशीतही योग्य क्रमाने द्यावे लागतात. एएलएस या रोगात स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. जिवंत रुग्णाच्या मज्जारज्जूतून त्या काढून तपासणार कशा? २००८ साली हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी अशा ८२ वर्षांच्या रुग्णेच्या त्वचेपासून मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी घडवल्या.

चेतापेशीसारखी दिसणारी पेशी चेतापेशीचे काम करतेच असे नाही. ती विजेचे स्पंद निर्माण करते का, हे मोजावे लागते. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००९ मध्ये अशा पेशींत ते मोजून दाखवले.

एक अडचण मात्र राहते. मागे फिरताना पेशीच्या वयाच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. त्यामुळे उतारवयात होणाऱ्या रोगांची लक्षणे या 'तरुण' पेशींत सहज दिसत नाहीत.

तेव्हा आपण वर्गात 'पेशी मागे फिरत नाही' याऐवजी 'शरीरात ती सहसा मागे फिरत नाही' असे म्हणू या. आणि २४ जनुकांतून नेमकी चार कशी हुडकाल, हे आधी मुलांनाच विचारू या.