तांब्याच्या पत्र्यावरील गोवे

सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये नगरांचे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला भरास आली होती. आपल्या किनाऱ्यापुरता तिचा उत्कृष्ट नमुना म्हणजे यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन याच्या प्रवासग्रंथातील गोवे शहराचा, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याचा, नकाशा.

लिन्सखोतेन १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी नोकर म्हणून गोव्यास आला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. त्याच्या माहितीवरून बाप्टिस्टा व्हान डूटेकम याने १५९५ मध्ये हा नकाशा कोरला. पुढील वर्षी ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १५७२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे निघालेल्या नगरचित्रसंग्रहात दीव व गोवे एकाच पानावर होते. परंतु ते लहान आणि ढोबळ होते.

डच नकाशात शहर आकाशातून पाहावे तसे पसरलेले दिसते. रस्ते आराखड्याप्रमाणे आखलेले, तर घरे आणि चर्च उभी रेखाटलेली. याच ग्रंथात राजरस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे स्वतंत्र चित्रही आहे. मराठीतील ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.

या कामात चुकीला वाव अल्प असे. गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर चित्र व अक्षरे उलटी कोरावी लागत. कोरलेल्या रेघांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून काढीत आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून नेत. रंग भरायचेच असल्यास ते मागाहून हाताने भरले जात.

हे सौंदर्य निरुपद्रवी नव्हते. पोर्तुगीजांनी जपलेली पूर्वेकडील बंदरांची आणि सागरी मार्गांची माहिती या ग्रंथामुळे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडली. १५९८ मध्ये त्याची इंग्रजी व जर्मन भाषांतरे निघाली, १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६३७ मध्ये डचांनी गोव्याच्या उत्तरेस वेंगुर्ल्याला वखार घातली.

पुढे रोगराईने गोवे ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान पणजीला हलले. आज तेथे प्रामुख्याने चर्च उभी आहेत. त्यांच्या भोवतालची वस्ती कशी होती, हे जाणण्यासाठी अभ्यासकांना या नकाशाचा मोठा आधार आहे.

परदेशी कोरक्यांचे लक्ष प्रामुख्याने समुद्रकाठच्या बंदरांवर होते. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीमार्गे महाडला येणारा आणि पोलादपूरवरून पारघाटाने वर जाणारा व्यापार त्यांच्या दृष्टीपल्याडचा होता. त्यामुळे रायगडावरील बाजारपेठ आज तिच्या जोत्यांवरूनच वाचावी लागते. जेथे कोरलेला पत्रा नाही, तेथे जमिनीवरचे अवशेष हाच नकाशा ठरतो. म्हणूनच ते जपण्याचे मोल अधिक.