गाणे एकाचे, गळा दुसऱ्याचा

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर म्हणजे ‘कंट्री’ संगीताची पेठ. दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून आलेले, गिटार आणि फिडलच्या साथीवर गायिले जाणारे हे संगीत. श्रोते हो, पेठ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. १९६० च्या सुमारास तेथे गाणे लिहिणारा एक, गाणारा दुसरा, आणि मध्ये गाण्यांचा व्यापार करणारा प्रकाशक तिसरा, अशी चोख वाटणी असे. गीतकाराने गाणे रचावे, स्वतः गाऊन त्याचा नमुना मुद्रित करून द्यावा. प्रकाशकाच्या माणसाने तो घेऊन गायकांचे उंबरठे झिजवावेत. नमुना ऐकून झाला की गीतकाराच्या गळ्याचे काम संपले!

या पेठेत १९६० साली विली नेल्सन आला. जन्म १९३३ चा, टेक्सासमधील ॲबट या लहानशा गावचा. आजीआजोबांनी वाढवलेला, लहानपणी कापूस वेचलेला, पुढे नभोवाणीवर तबकड्या वाजवण्याची नोकरी केलेला. नॅशव्हिलला येण्यापूर्वी ह्यूस्टनमध्ये असताना त्याने ‘फॅमिली बायबल’ हे आपले गाणे पन्नास डॉलरला विकून टाकले. विकले म्हणजे पूर्णच विकले, हक्कासकट. क्लॉड ग्रे याने ते गायिले आणि १९६० मध्ये ते गाजले, पण तबकडीवर गीतकार म्हणून नेल्सनचे नाव नव्हते. ‘नाइट लाइफ’ हे दुसरे गाणे त्याने दीडशे डॉलरला दिले. पोटाची आग विझवायची तर करणार काय? परंतु या व्यवहारात काय गेले ते पाहा. अमेरिकेत नभोवाणीवर तबकडी वाजली की मानधन मिळते ते गीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला त्यातला छदामही मिळत नाही. गाण्याचा हक्क म्हणजे गीतकाराची शेतीच. नेल्सनने पीक नव्हे, जमीनच विकली होती.

नॅशव्हिलमध्ये हँक कॉक्रन या गीतकाराने त्याला ‘पँपर म्युझिक’ या प्रकाशनसंस्थेत आठवड्याला पन्नास डॉलरवर चिकटवून दिले. एका गाण्याची किंमत आता आठवड्याचा पगार झाली, आणि मुख्य म्हणजे नाव राहिले. मग १९६१ हे एकच वर्ष पाहा. फॅरन यंगने गायिलेले ‘हॅलो वॉल्स’ कंट्रीच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पॅट्सी क्लाइनचे ‘क्रेझी’ त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि शहरी लोकांच्या ‘पॉप’ यादीतही पहिल्या दहांत शिरले.

या ‘क्रेझी’ची हकीकत बोलकी आहे. नेल्सन ठेक्यावर गात नाही. कधी ठेक्याच्या मागे रेंगाळतो, कधी हळूच पुढे निघून जातो, बोलल्यासारखे गातो. नमुन्यातली ती ढब पॅट्सीला मानवेना. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी चाल तिच्या गळ्याला साजेशी मांडली, आणि गाणे अमर झाले. म्हणजे शब्द हवेत, चाल हवी. ढब मात्र नको!

नेल्सनला स्वतः गायचे नव्हते असे मुळीच नाही. १९६२ मध्ये त्याची दोन गाणी त्याच्याच आवाजात पहिल्या दहांत आली होती. पण १९६४ च्या अखेरीस तो ‘आरसीए’ कंपनीकडे गेला, आणि तेथे काही जमले नाही. चेट ॲटकिन्स यांच्यासारखा जाणता निर्माता होता, पण व्हायोलिनांचे थर आणि कोरस यांच्या गर्दीत तो मोकळा गळा गुदमरला असे माझे मत आहे. तेथील सगळ्या वर्षांत एकही गाणे पहिल्या दहांत नाही. १९७० मध्ये टेनेसीतील घर जळाले, तेव्हा जळत्या घरातून त्याने आपली गिटार बाहेर काढली. पुढे १९७२ मध्ये तो टेक्सासमधील ऑस्टिन शहरी येऊन राहिला.

नंतर ‘कोलंबिया’ कंपनीशी करार करताना त्याने मुद्रण आपल्या मनाप्रमाणे करण्याची मुभा मागून घेतली. १९७५ मधील ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही दीर्घ तबकडी टेक्सासमध्येच, अगदी थोड्या खर्चात तयार झाली: गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मोजकीच वाद्ये. कंपनीच्या मंडळींना वाटले, हा तर नुसता नमुना! बरोबरच होते ते. पंधरा वर्षांपूर्वी जो आवाज नमुन्यापुरता चालत होता, तोच आता विक्रीला आला होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला.

आणि गंमत अशी, की या तबकडीतील ज्या गाण्याने गायक नेल्सनला प्रथमच पहिला क्रमांक मिळवून दिला, ते ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ त्याचे नव्हतेच! ते फ्रेड रोझ यांचे, १९४० च्या दशकातले. हेच रोझ १९४२ मध्ये रॉय एकफ यांच्याबरोबर नॅशव्हिलमध्ये गीतप्रकाशनाची पेढी काढणारे. १९७८ ची ‘स्टारडस्ट’ ही अतिशय गाजलेली तबकडीही अशाच जुन्या, दुसऱ्यांच्या गाण्यांची होती.

स्वतः एकट्याने लिहिलेले आणि एकट्याने गायिलेले गाणे पहिल्या क्रमांकावर जायला १९८० साल उजाडावे लागले. एका चित्रपटासाठी गाणे हवे होते. विमानप्रवासात त्याने ते झटपट लिहून काढले. नाव ‘ऑन द रोड अगेन’. या वेळी ते विकायला कोणाच्या दारी जावे लागले नाही.