पहिलाच अपहार, शिक्षा किती? प्रश्नाआधीचा प्रश्न

'पहिल्यांदाच अपहार केलेल्या माणसाला तुरुंगवास होतो का?' हा प्रश्न संशोधनासाठी घ्यायचा म्हटलं, तर तुम्ही लगेच निकालांची आकडेवारी गोळा करायला बसाल. जरा थांबा. आधी हे विचारा: ज्या काळाबद्दल आपण बोलतोय, त्या काळात अपहार हा गुन्हा तरी होता का?

१७९९ सालचं लंडन घ्या. लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका पेढीत जोसेफ बेझली नावाचा रोखपाल होता. एका गिऱ्हाइकाच्या नोकराने खात्यात भरायला पैसे आणून दिले. बेझलीने त्याची नोंद केली, बाकीची रक्कम गल्ल्यात टाकली आणि शंभर पौंडांची एक नोट खिशात घातली. पकडला गेला. ज्यूरीने दोषी ठरवलं. पण कायद्याचा मुद्दा न्यायाधीशांकडे गेला आणि तिथे सगळंच उलटलं.

तेव्हाच्या कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू काढून घेणं. ही नोट मालकाच्या ताब्यात आलीच कधी? गिऱ्हाइकाच्या हातातून ती सरळ बेझलीच्या हातात आणि तिथून खिशात गेली. तीच नोट आधी गल्ल्यात ठेवून मग उचलली असती, तर चोरी झाली असती! त्यामुळे ही चोरी ठरत नाही, असं न्यायाधीशांचं मत पडलं आणि बेझली सुटला. पेढीवाल्यांची झोप उडाली असणार. त्याच वर्षी संसदेने नवा कायदा केला: मालकाच्या वतीने घेतलेले पैसे नोकराने लाटले, तर १४ वर्षांपर्यंत हद्दपारी.

म्हणजे बघा, कृत्य तेच, रक्कम तीच. काही महिन्यांच्या अंतराने एक जण घरी जातो, दुसरा समुद्रापार.

आता आपल्याकडे या. १८६० च्या भारतीय दंड संहितेने 'ताबा कुणाचा' हा घोळ बाजूला ठेवून 'विश्वास कुणी टाकला' यावर गुन्हा उभा केला. कलम ४०५ मध्ये व्याख्या, पुढे शिक्षेच्या पायऱ्या. साध्या माणसाला ३ वर्षांपर्यंत (कलम ४०६), कारकून किंवा नोकराला ७ वर्षांपर्यंत (कलम ४०८), आणि लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा एजंट असेल तर १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप (कलम ४०९). १ जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आलं. साध्या प्रकाराची मर्यादा ५ वर्षं झाली.

मग 'पहिलाच गुन्हा' कुठे बसतो? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ४ सांगतं की गुन्ह्याचं स्वरूप आणि आरोपीचं चारित्र्य पाहून न्यायालय त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतं. पण अट आहे: गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेला पात्र नसावा. परिणाम काय होतो? दुकानातल्या कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा दहा हजार लाटले, तर त्याच्यासाठी ही वाट उघडी आहे. सरकारी कचेरीतल्या कारकुनाने तेवढेच लाटले, तर बंद. दोघांचाही पहिलाच गुन्हा, दोघांच्याही घरी कदाचित तीच अडचण. फरक पडतो तो खुर्चीचा.

मी विज्ञान शाखेतून आलोय, म्हणून त्या भाषेत सांगतो. दोन तापमापकांची वाचनं ताडून बघायच्या आधी दोघांची मोजपट्टी एकच आहे ना, हे आपण तपासतो. कायद्याच्या इतिहासात ही मोजपट्टी मध्येच बदलते. १७९८ आणि १८०० ची, किंवा कलम ४०८ आणि ४०९ ची प्रकरणं एकाच तक्त्यात टाकून सरासरी काढलीत, तर गणित बरोबर येईल आणि निष्कर्ष चुकेल.

म्हणून तुमच्या तक्त्यात 'शिक्षा' या रकान्याच्या आधी तीन रकाने हवेत: कृत्याची तारीख, लागू कलम आणि आरोपीचं पद. ते भरून झाले की मग वर्षं मोजा.