परंपरेची वडी

तारुण्यपीटिका या शब्दात दोन गोष्टी आहेत. त्यातलं तारुण्य मला सोडून केव्हाच गेलं. पीटिका मात्र राहिल्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं बंद झालं, पण चार्जेस चालू आहेत. चव्वेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर लाल पुळी घेऊन कॅशच्या खिडकीत बसणं म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याकडे दुसऱ्याच्या पगाराची चौकशी जरा आडून करतात, चेहऱ्याची मात्र थेट. हयातीचा दाखला द्यायला आलेले पेन्शनर आजोबासुद्धा दाखला बाजूला ठेवून विचारतात, "साहेब, पोट साफ होतं ना?"

सल्ल्यांच्या या ऐन हंगामात मेहुणीने कुठल्याशा ग्राहकपेठेतून एक साबण आणला. "भाऊजी, यात केमिकल अजिबात नाही हं!" रंग शेवाळी, आकार गुळाच्या खड्यासारखा आणि वास असा की डासही दोन हात दूर राहावेत. वेष्टनावर छापलं होतं : शुद्ध, नैसर्गिक, हजारो वर्षांची भारतीय परंपरा. (साबण कोणाचा ते विचारू नका. बिचारा घरगुती उद्योग आहे.) आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. कोणी हजारो वर्षांची बाकी पुढे ओढली की मला मागची पानं चाळल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा एकीकडे साबण तोंडाला लावला आणि दुसरीकडे साबणाचं जुनं खातं उघडलं.

पहिलीच नोंद परदेशी निघाली. 'साबण' हा शब्द अरबी 'साबून'च्या घरातला. पोर्तुगीज 'साबांव' आणि फ्रेंच 'सावाँ' ही त्याची चुलत भावंडं, आणि सगळ्यांच्या मागे लॅटिन 'सापो'. हा 'सापो' इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने नोंदवून ठेवला आहे. चरबी आणि राख एकत्र करून तो बनवत. पण उपयोग काय, तर केस तांबूस करायला! आणि जर्मन लोकांत तो बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरतात, असंही प्लिनी सांगतो. आरशासमोर वेळ घालवतो म्हणून माझ्यावर घरात जो आरोप होतो, त्याला जवळपास दोन हजार वर्षांचा पूर्वाधार आहे म्हणायचा.

ज्यांच्याकडे खरोखर साबणाची जुनी परंपरा आहे, त्यांची कागदपत्रंही चोख आहेत. सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्हचं आणि लॉरेलचं तेल क्षाराबरोबर मोठ्या कढईत शिजवतात, ते जमिनीवर ओतून थापतात, वड्या पाडतात आणि महिनोन् महिने वाळवतात. युनेस्कोने २०२४ साली ही कारागिरी मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली हुकूम निघाला की मार्सेयच्या साबणात ऑलिव्हच्या तेलाशिवाय दुसरं तेल नको, चरबी तर नकोच. राजाने साबणात लक्ष घालावं, हे आपल्याला नवल. आपल्याकडे राजे गडकिल्ल्यांत गुंतलेले.

मग आपण काय अंगाला राख फासून बसलो होतो? छे! आपल्याकडे रिठा होता, शिकेकाई होती, डाळीचं पीठ, हळद, मुलतानी माती होती, दिवाळीला उटणं होतं. रिठ्याला तर असा फेस येतो की त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'सॅपिंडस' पडलं. 'सापो' आणि 'इंडिकस' मिळून झालेला हा शब्द. अर्थ, भारतीय साबण. म्हणजे पाहा, आपल्या झाडाला साहेबाने 'भारतीय साबण' म्हटलं आणि साहेबाकडून आलेल्या वडीला आपण 'भारतीय परंपरा' म्हणतो. दोन्ही एंट्र्या उलट्या पडल्या, पण टॅली झालं!

वडीचा इथला जमाखर्च तसा अलीकडचा. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट'ची खोकी उतरली, त्यांवर 'मेड इन इंग्लंड' असा शिक्का. त्याला उत्तर मिळालं ते पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. चंदनाची निर्यात खुंटली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने चंदनाचं तेल काढायला घेतलं आणि त्यातून बंगळुरात साबण सुरू झाला. मुंबईत कुलपं बनवणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण काढला आणि त्याला नाव दिलं 'चावी'. कलकत्त्यात कडुलिंबाचा 'मार्गो' आला. कडुलिंबाला इंग्रजीत 'मार्गोसा' म्हणतात, तो शब्दही मुळात पोर्तुगीज, अर्थ कडू. या तिन्ही नोंदी साधारण १९१६ ते १९२० या चार-पाच वर्षांतल्या. आपण जिला परंपरा म्हणतो ती हजारो वर्षांची नसून शंभरेक वर्षांची आहे. पण मला ती जास्त अभिमानाची वाटते. शिक्का मारून आलेली वस्तू पाहून हात जोडण्याऐवजी या लोकांनी हात धुवायचं स्वतःचं साधन बनवलं.

राहता राहिला प्रश्न 'केमिकल नाही' याचा. तेल आणि तीव्र क्षार यांचा व्यवहार झाला की साबण आणि ग्लिसरीन जमा होतं. याहून शुद्ध केमिकल व्यवहार दुसरा नाही. हिशेब चुकून क्षार शिल्लक राहिला तर कातडी सोलवटते, म्हणून शहाणा साबणवाला पाचेक टक्के तेल जास्तीचं ठेवतो. मोठे कारखाने त्यातलं ग्लिसरीन काढून वेगळं विकतात, घरगुती वडीत ते राहतं, एवढा तिचा मोठेपणा मान्य. पण वडी कोणतीही असो, तिचा पीएच नऊ-दहाच्या घरात आणि आपल्या कातडीचा पाचच्या आसपास. आणि ही मोजपट्टी दर पायरीला दहापट चढते. असलं व्याज आमच्या बँकेने लावलं असतं तर कर्जदारांनी शाखा पेटवली असती.

हे सगळं मी नुसतं माझ्या हनुवटीसाठी वाचलं असतं, तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण घरात आणखी एक चेहरा आहे. मुलगी दहावीला. तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरुमं उठली होती, आणि 'हजारो वर्षांची परंपरा' वाचून ती दिवसातून पाच वेळा त्या वडीने तोंड घासायला लागली. गाल लाल, कोरडे, वर भेगा. एके दिवशी म्हणाली, "बाबा, निरोपसमारंभाच्या फोटोला मी जाणार नाही." पोरीने फोटोला नाही म्हणणं म्हणजे काय, हे बापाला सांगावं लागत नाही.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मुरुमं म्हणजे मळ नव्हे, घासून जात नाहीत. दोन वेळा सौम्य काहीतरी लावून तोंड धुवायचं, रात्री हे मलम, आणि दोन-तीन महिने धीर." मुलीचा चेहरा पडला. मी तिला आमच्या भाषेत समजावलं, की ही मुदतठेव आहे. मुदतीआधी मोडलीस तर व्याज बुडेल. मग रिठ्याची, प्लिनीची आणि चावीछाप साबणाची गोष्ट सांगितली. तांबड्या केसांच्या जर्मनांना ती पहिल्यांदा हसली. फोटोला गेली. तिसऱ्या रांगेत उभी आहे, गालावर दोन-चार ठिपके आहेत आणि तोंडभर हसते आहे.

ती वडी आता मोरीत असते. दिवसभर नोटा मोजून आलो की तिने हात धुतो. काळी शाई, घाम, रबरस्टॅम्पचा जांभळा रंग, सगळं झटक्यात जातं. मेहुणीने परवा विचारलं, "काय भाऊजी, पडला का फरक साबणाने?" म्हटलं, "पडला तर! बँकेत एवढे स्वच्छ हात दुसऱ्या कोणाचे नाहीत."