चूक कोणाची? हाताची की गोळीची?

लंबकाचा आवर्तनकाल मोजायला सांगितला, की दहा विद्यार्थी दहा उत्तरे आणतात. चूक हाताची, घड्याळाची की खुद्द लंबकाची, हे ओळखायचे कसे? असाच प्रश्न घेऊन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले डॉ. फ्रँकलिन मान (१८५६-१९१६) अनेक वर्षे बंदुकीच्या गोळीचा पाठपुरावा करीत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नेमबाजीचे अनेक क्लब होते. तेथील हौशी मंडळी शिसे वितळवून गोळ्या स्वतः ओतत आणि काडतुसात दारू मोजून भरत. एवढी काळजी घेऊनही एकाच नेमाने झाडलेल्या दहा गोळ्या दहा ठिकाणी लागत. कोणी दारूला दोष देई, कोणी वाऱ्याला. पडताळा पाहणे अवघड होते, कारण नेमबाजाचा श्वास आणि बोटाचा झटकाही प्रत्येक वेळी त्यात मिसळलेला असे. दूरच्या नेमबाजीत तर चूक अंतराबरोबर वाढते. अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर, तर १००० मीटरवर सुमारे २९ सेंटिमीटर होतो.

मान यांनी प्रथम माणूसच वगळला. काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर त्यांनी इंग्रजी 'व्ही' आकाराची खाच बसवली. दस्ता काढलेली जाड नळी त्या खाचेत ठेवून ते गोळी झाडत. मग गोळीच्या वाटेवर त्यांनी पातळ कागदाचे पडदे उभे केले. गोळी नीट गेली तर भोक वाटोळे. डुलत गेली तर लांबट!

यानंतरची युक्ती तर फारच मार्मिक होती. त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या, पण एका वेळी एकच दोष ठेवून. काहींचे टोक बिघडवले, काहींचा तळ तिरपा कापला. आपली अपेक्षा काय असते? हवा कापणारे टोक महत्त्वाचे. प्रत्यक्षात टोकाच्या दोषाने फारसे बिघडले नाही. तळ बिघडलेल्या गोळ्या मात्र बऱ्याच दूर भरकटल्या.

याचे कारण नळीच्या तोंडाशी आहे. गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा तप्त वायू उसळून निघतो. तळ तिरपा असेल तर एका बाजूने तो आधी सुटतो आणि गोळीला कडेला ढकलतो. शिवाय नळीतील पीळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत असते. तिचा गुरुत्वमध्य अक्षावर नसेल, तर गोफणीतल्या दगडाप्रमाणे सुटताना तिला स्पर्शरेषेच्या दिशेने किंचित वेग मिळतो.

मान यांनी हे सारे प्रयोग १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांचे बरेचसे काम १०० यार्डांवरचे होते. गोळ्यांच्या वेगातला लहानसा फरक इतक्या जवळ जेमतेम जाणवतो. १००० यार्डांवर मात्र त्यामुळे गोळ्या वरखाली विखुरतात. पुढे इलेक्ट्रॉनिक वेगमापक आल्यावर हा फरक मोजणे सोपे झाले.

मान यांची रीत वर्गातही वापरता येईल. लंबक हाताने सोडण्याऐवजी दोऱ्याने बाजूला ओढून बांधा आणि तो दोरा काडीने जाळा. सोडणाऱ्या हाताचा धक्का गेला. आता पुन्हा दहा वेळा मोजा. उत्तरांतला फरक किती कमी झाला? जो उरला, तो कोणाचा?